आक्का काय म्हणती?

"थांबा मॅडम. चप्पल घालायच्या आधी सांगा, आक्का काय म्हणती?"

कोल्हापुरातली माझी सकाळ या प्रश्नानं सुरू व्हायची. आक्का म्हणजे कुणी बाईमाणूस नव्हे. ती माझ्या घरमालकांची मोटार. जुनी, बाटलीसारखी हिरवी, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मी जिन्यावरून उतरायला आणि मालकांनी बॉनेट उघडून इंजिन चालू करायला एकच गाठ पडायची. मला ऑफिसची घाई, पण ऐकल्याशिवाय सुटका नसे. आणि "बरी आहे" म्हणून चालायचं नाही.

"बरी म्हंजे? बरी तर मी पण हाय. आवाज सांगा की!"

मग मी काहीबाही सांगायची. पत्र्याचा डबा वाजल्यासारखा, म्हाताऱ्याला ठसका लागल्यासारखा. ते मान डोलवायचे आणि स्क्रू चिमूटभर फिरवायचे. दूधवाल्यानं एकदा सांगितलं, "व्यायला झालेली म्हस धापा टाकती बघा, तसं वाटतंय." यावर खूश होऊन मालकांनी त्याला चहा पाजला होता. पोस्टमन, गॅसवाला, मीटर बघायला येणारा, कुणीच सुटत नसे. मतं मागायला आलेल्या एका उमेदवारालाही त्यांनी बॉनेटपाशी उभं केलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "छान चाललीय की." मालक म्हणाले, "तुला गाडीचं ऐकायला येईना, लोकांचं काय ऐकणार तू!" गल्ली हसून बेजार झाली.

सगळी कळंबा रोडची गल्ली त्यांना तात्या म्हणायची, मग मीही म्हणायला लागले. साखर कारखान्यात बॉयलर विभागात उभा जन्म काढून निवृत्त झालेले. धोतर-टोपीतले नव्हेत, खाकी हाफ पँट आणि बंडीतले. त्यांच्या बायकोला मी काकी म्हणायची. खाली ते दोघं, वर मी. मुलगा पुण्याला, संगणकाच्या नोकरीत.

मी ठाण्याहून बदली होऊन आलेली. पहिल्याच दिवशी तात्या जिन्याखालून असे काही ओरडले की मला वाटलं, सामान भरावं आणि परत जावं. ते विचारत होते, "जेवलासा का?" पुढं कळलं, या गावात माणसं मायेनंसुद्धा भांडल्यासारखीच बोलतात. महिनाभरात माझाही आवाज चढला. ठाण्याला फोन केला की आई विचारायची, "चिडलीयस का गं?"

तात्यांचा एक मंत्र होता: "एका टायमाला एकच." गाडीत बिघाड झाला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. गाडीपुरतं हे ठीक होतं. पण हा माणूस सगळ्या संसाराला हाच नियम लावायचा. मला खोकला झाला तेव्हा म्हणाले, "आज चहा बंद. उद्या चहा चालू, पंखा बंद. परवा पंखा चालू, केस धुणं बंद." तोवर खोकला आपापला गेला. श्रेय पंख्याला मिळालं. आमटी खारट झाली की काकींनी बटाटा घालायचा किंवा पाणी घालायचं, दोन्ही नाही. काकी म्हणायच्या, "ह्यांचं चाललं असतं तर आमच्या लग्नात औंदा अक्षता आणि पुढच्या वर्षी जेवणं झाली असती."

गाडीचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं ते मुठीएवढं भांडं, तात्या काकींच्या पुरणाच्या परातीत खोलायचे. परातच का? तर बारीक स्क्रू उडाला तरी काठाबाहेर जात नाही. आणि परात काकींचीच का, याला उत्तर नव्हतं. होळीच्या पोळीला पेट्रोलचा वास येतो अशी काकींची कायमची तक्रार. मी खाल्लीय ती पोळी. काकी खोटं बोलत नव्हत्या.

आणि लग्नपत्रिका! हे मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. कार्ब्युरेटर इंजिनाला जिथं जोडतात तिथं दोन लोखंडांच्या मध्ये जाड कागदाचं पॅकिंग लागतं, फट राहू नये म्हणून. दुकानात मिळतं. पण तात्या ते जुन्या लग्नपत्रिका कापून बनवायचे. कारखान्यात सवय लागलेली. गल्लीतलं लग्न उरकलं की लोक पत्रिका त्यांच्याकडं आणून द्यायचे. ते दोन बोटांत धरून पत्रिका वाकवायचे, उजेडात बघायचे आणि निकाल द्यायचे. "दम हाय हिच्यात. संसार टिकणार." पातळ पत्रिका आली की तोंड वाकडं करायचे. एका नव्या सुनेनं तर घाबरून सासूला विचारलं होतं, आपली पत्रिका तात्यांना दाखवलीत का?

असा सगळा कारभार. हसण्यावारी जाणारा. पण त्या वर्षी हसण्यासारखं राहिलं नाही.

त्या दिवाळीत आक्का बिघडली. सकाळी नीट सुरू व्हायची, सपाटीला नीट चालायची. कळंब्याच्या तळ्याला फेरी मारून यायची. पण तापली आणि चढ लागला की ठसकायची, आचके द्यायची आणि बसायची. 'बंद पडली' हा शब्द तात्यांना चालत नसे. आक्का 'बसल्या' म्हणायचं. आणि बसायची जागा ठरलेली, पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबीळचा चढ.

हा चढच महत्त्वाचा होता. कारण काकींचं माहेर पन्हाळ्याच्या पलीकडं. तिथल्या देवीच्या जत्रेला, म्हाईला, तात्या आणि काकी दर वर्षी आक्कातूनच जायचे. काकी नवरी होऊन आल्या त्याही याच गाडीतून. मुलाला या वयात दोघांनी त्या घाटात जाणं पसंत नव्हतं. पोरगा वाईट नव्हता हो, काळजी करणारा होता. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "तात्या, घाटात तुम्ही आईला घेऊन अडकला तर मी पुण्यात काय करू? पुण्यातच एक गिऱ्हाईक आहे, जुन्या गाड्या जपणारा. देऊन टाकू."

तात्यांचा पारा चढला. सगळ्या गल्लीदेखत म्हणाले, "औंदा म्हाईला आक्का आपल्या पायानं वर आली न्हाय, तर खुशाल घिऊन जा! मी अडवायचा न्हाय." बोलून बसले. आणि तात्या बोललेलं फिरवणाऱ्यातले नव्हते.

त्या दिवसापासून परात स्वयंपाकघरात परत गेलीच नाही. तात्यांनी दोष पेट्रोलला दिला. हल्ली पेट्रोलात उसाचं स्पिरिट मिसळतात, ते जुन्या गाडीला पचत नाही, असं त्यांचं म्हणणं. काचेच्या बाटलीत पेट्रोल आणि पाणी घालून हलवायचे, खाली पाणी वाढलेलं दाखवायचे. "बघा! ही दारू! जल्मभर आम्ही ऊस गाळला, आता आमच्याच उसानं आमच्या आक्काचा गळा धरलाय." बाटली घेऊन ते पंपावरही भांडून आले. मग बारीक भोकाचे जेट साफ केले, तरंगणारा फ्लोट खालीवर करून बघितला, रबरी नळ्या बदलल्या. एका टायमाला एकच. प्रत्येक बदलानंतर वाघबीळची फेरी, आणि प्रत्येक फेरीत आक्का बसलेल्या. सुट्टी असली की काकींबरोबर मीही मागं बसायची. तात्या बॉनेट उघडून कान लावायचे आणि म्हणायचे, "आवाज तर साफ हाय."

मला मात्र मागच्या सीटवर एक बारीक शिट्टी ऐकू यायची. गाडी तापली की यायची. मला वाटायचं, तात्यांना ऐकू येतच असेल, माझ्यापेक्षा ते जाणकार.

मग एका रविवारी काकी शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. जाताना तात्यांना सांगून गेल्या, शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी वर वाचत पडले होते. खाली कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता. थांबेचना. शेवटी जळका वास आला तशी मी धावत खाली गेले. तात्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसले होते, परात मांडीवर घेऊन. कुकर त्यांच्यापासून हातभर अंतरावर किंचाळत होता आणि ते शांतपणे जेट फुंकत होते. मी गॅस बंद केला. ते दचकले. "लक्ष न्हवतं," म्हणाले आणि मान खाली घातली.

तेवढ्यात काकी आल्या. त्यांनी कुकरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मला जिन्याकडं ओढत नेलं.

"तुमी काय बोलू नगा," त्या कुजबुजल्या. काकींना कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "बॉयलरच्या घरघरीत जल्म गेला. जाड आवाज ऐकायला येतो त्यास्नी, बारीक येत न्हाय. लई दिस झालं."

"मग डॉक्टरला—"

"त्यास्नीच ठाव न्हाय. न्हायतर ठाव हाय आणि मान्य न्हाय. मी काय सांगतो ते ऐका." इकडच्या बायका 'मी सांगतो' म्हणतात, ते एव्हाना माझ्या कानाला खटकेनासं झालं होतं. "कोपऱ्यावरचा गॅरेजवाला दिवाळी झाल्यावर म्हणाला, तात्या, शिट्टी मारतीया की गाडी, तुमास्नी ऐकायला येत न्हाय व्हय? चार माणसांत म्हणाला. ह्यांनी त्यालाच खोटं ठरवलं, त्या दिवसापासनं त्याच्याशी बोलणं बंद. आणि घरात येऊन भिताडाकडं तोंड करून पडलं. कैक दिस गाडीला हात लावला न्हाय, धड जेवलं न्हाय. म्हणून मी गप हाय."

तेव्हा मला सगळं कळलं. ते दारात अडवणं, 'आक्का काय म्हणती' विचारणं, ही परीक्षा नव्हती. दूधवाला, पोस्टमन, मी, आम्ही सगळे त्यांचे कान होतो. आणि गल्लीला त्यांचं ओरडून बोलणं, टीव्ही दणदणीत लावणं कधी खटकलं नव्हतं, कारण इथं सगळेच तसे. पण आम्हाला ते विचारायचे सकाळी, इंजिन गार असताना. शिट्टी यायची गाडी तापल्यावर. तेव्हा ते कुणाला विचारत नव्हते, स्वतःच कान लावत होते.

"पण काकी, सांगितलं नाही तर गाडी जाणार."

"आणि सांगितलं तर माणूस जाणार," काकी म्हणाल्या आणि डोळे पुसत जळकं भांडं घासायला बसल्या.

म्हाई दोन दिवसांवर आली. शेवटची फेरी म्हणून सकाळी तिघं निघालो. केर्ली गाव मागं पडलं, चढ लागला, शिट्टी सुरू झाली. काकींनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, दुसरं काय करणार? वाघबीळला आक्कानं आचके दिले. तात्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. पूर्ण बसली नव्हती, धडधडत होती. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून कान लावला. उठून उभे राहिले तेव्हा चेहरा पार उतरलेला.

"आवाज साफ हाय," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच, हळू: "आता काय करायचं राहिलं न्हाय. घिऊन जाऊ दे त्याला."

वळणावर एक शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. काकी दर वेळी त्याला उदबत्ती लावतात. तशी लावली. पण सगळ्या उदबत्त्या तिथं खोचल्या नाहीत. त्यातली एक पेटती घेऊन त्या सरळ गाडीकडं आल्या आणि उघड्या इंजिनावरून ओवाळायला लागल्या.

"अगं ए! पेट्रोल हाय तिथं! जाळतीस का आमास्नी?" तात्या केवढ्यानं ओरडले! रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबून बघायला लागला.

"जळू दे. जायाचीच हाय न्हवं?" काकी हलल्या नाहीत. "जाणाऱ्या लेकीला ओवाळू नगं?"

तात्या हात धरायला पुढं झाले आणि तसेच थांबले. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. पण काकींचा हात कार्ब्युरेटरच्या बुडाशी, शिट्टी येत होती तिथं, आला की तो आडवा वळायचा आणि जोडाच्या फटीत ओढला जायचा. हात बाजूला नेला की धूर पुन्हा सरळ. परत आणला की परत आत. काकींनी तीच जागा पुन्हा पुन्हा ओवाळली. तोंडानं अक्षर काढलं नाही.

तात्यांनी उदबत्ती त्यांच्या हातातून घेतली, विझवली. इंजिन बंद केलं.

"हवा खातीया," ते म्हणाले. "पॅकिंग गेलंय. म्हंजे शिट्टी वाजत असणार." ते काकींकडं वळले. "वाजत हुती?"

"वाजत हुती."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

तात्या दरीकडं तोंड करून उभे राहिले. आता हा माणूस रस्त्यातच भिंतीकडं तोंड करतोय की काय असं वाटलं. मग ते वळले आणि काकींना म्हणाले, "मग सांगायला काय झालंतं तुला? गॅरेजवाला सांगतोय, तू सांगीनास!"

"तुमी जेवण सोडता," काकी म्हणाल्या. आणि तिथंच, म्हसोबासमोर, रडायला लागल्या.

तात्या त्यांच्याजवळ जाऊन नुसते उभे राहिले. म्हणाले, "न्हाय सोडायचा आता. चल. भूक लागलीया."

इंजिन गार झाल्यावर घरी आलो. परातीत कार्ब्युरेटर खोलला तेव्हा दोष सापडला. पॅकिंग दिवाळीत बसवलं होतं, एका पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नपत्रिकेचं. पत्रिका जाड होती, सोनेरी होती, आणि तिच्यावर प्लास्टिकचा पातळ थर होता. गार असताना फट बंद. तापली की प्लास्टिक वितळायचं, कागद आखडायचा आणि हवा आत शिरायची. आणि तात्या बिचारे दर वेळी नवं पॅकिंग कापत होते ते त्याच पत्रिकेच्या उरलेल्या तुकड्यातून. दम आहे म्हणून निवडलेली!

"नुसता नखरा," तात्या म्हणाले. मग शाहूपुरीत जाऊन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुकानातलं पॅकिंग आणलं. येताना कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला हाक मारून आले, "खरं बोललातास लेका." तो एवढा गडबडला की चहा घेऊनच घरी आला.

म्हाईच्या दिवशी आक्का वाघबीळ चढली. शिट्टी नाही, ठसका नाही. काकींनी म्हसोबाला लांबूनच हात जोडले. मी मागच्या सीटवर टाळ्या वाजवल्या, मला लाज वाटली नाही.

पण पुढच्या वळणावर मागून एक जीप हॉर्न द्यायला लागली. देतेय, देतेय. तात्या रस्त्याच्या मधोमध, मजेत. शेवटी जीप जवळजवळ घासून पुढं गेली आणि चालवणाऱ्यानं डोकं बाहेर काढलं. "ओ पावणं! कान हायत का इकलं?"

त्याचं ओरडणं मात्र तात्यांना ऐकू आलं. उरलेला घाट त्यांनी डाव्या कडेनं, पायी चालल्यागत काढला.

माहेरघरासमोर मांडव होता, लाऊडस्पीकर होता, रश्शाचा वास गल्लीभर सुटलेला. मुलगा मित्राच्या गाडीनं आधीच येऊन दारात उभा होता. हिरवी गाडी बघून त्याचा चेहरा हसरा झाला. "हरलो तात्या," तो म्हणाला. "पुण्यात कळवून टाकतो, गाडी द्यायची नाही."

तात्यांनी किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

"अहो, मी म्हटलं ना, विकत नाही!"

"इकायला कोण देतंय? चालवायला देतोय!" लाऊडस्पीकरवर मात करायची म्हणून तात्या बेंबीच्या देठापासून ओरडले. "मला मागचा हॉर्न ऐकायला येत न्हाय!"

नेमका तेव्हाच स्पीकर थांबला होता. अख्ख्या मांडवानं ऐकलं. मग काकींचे थोरले भाऊ पंगतीतून म्हणाले, "मग काय झालं? जेवायला कान कशाला लागतोय? बसा की."

आणि तात्या बसले. पोटभर जेवले. काकी वाढताना त्यांच्या ताटाकडं सारख्या बघत होत्या.

परतताना मुलगा चालवायला, तात्या शेजारी, काकी आणि मी मागं. मुलाला असल्या गाडीची सवय नाही, गिअर टाकताना खरखर व्हायची. "ऐकायला येत न्हाय म्हणून वाचलास," तात्या म्हणाले, "पायाला कळतंय मला." वाघबीळ आलं तसे ते सावरून बसले.

"काय म्हणती आक्का?"

"बरी आहे," मुलगा म्हणाला.

"बरी म्हंजे? बरी तर मी पण हाय. आवाज सांग."

मुलानं वेग कमी केला. काच खाली केली. मान वाकडी करून तो बराच वेळ ऐकत राहिला. दिवाळीपासून ही गाडी देऊन टाकू म्हणणारा पोरगा, भुवया आकसून.

"शिट्टी नाही. इंजिन एकसारखं चाललंय," तो म्हणाला. "पण मागनं, डावीकडनं, बारीक टकटक येतेय. थांबतेय, परत येतेय."

ती टकटक माझ्या पायाशी ठेवलेल्या रश्शाच्या डब्याच्या कडीची होती. मी सांगायला तोंड उघडलं, तसा काकींनी माझा हात दाबला.

तात्या सीटवर पुरते वळले आणि मुलाच्या पाठीत अशी थाप मारली की आक्का हेलकावली.

"ऐकायला येतंय की तुला!"